टीव्हीवरचा मामा आणि सिन्नरची चढाई

माझ्या मामावर टीव्हीवर तासाभराचा कार्यक्रम होणार ही बातमी आम्हाला मामानेच दिली आणि पुढे आठवडाभर देतच राहिला. फिरायला जाताना दिली, भाजी घेऊन परत येताना दिली, एकदा तर रिक्षा आमच्या बिल्डिंगखाली थांबवून वर न येताच ओरडून दिली. आई दर वेळी "हो का?" म्हणायची, जणू पहिल्यांदाच ऐकतेय. एवढा संयम आमच्या घरात फक्त तिच्याकडे आहे. मी मात्र त्याला म्हटलं, "मामा, बातमी शिळी झाली. आता कार्यक्रमच दाखव."

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. मूळचे आम्ही चांदवडकडचे, पण मामाचं सगळं आयुष्य नाशकात गेलं आणि त्यातलं बरंचसं कबड्डीत गेलं. जिल्ह्याच्या कबड्डी संघटनेचा तो इतकी वर्षं सरचिटणीस होता की लहानपणी मला सरचिटणीस हे त्याचं आडनावच वाटायचं. खेळाडू म्हणून तो बेताचाच. मात्र मैदानाबाहेर टेबल-खुर्ची मांडून बसला की त्याच्यासमोर टिकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

या माणसाबद्दल नाशकात दोन मतं आहेत आणि त्या दोन मतांची माणसं एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नाहीत. एका मताप्रमाणे मामा नसता तर निम्मी मैदानं लग्नाच्या लॉन्सवाल्यांनी कधीच गिळली असती आणि खेड्यापाड्यातल्या मुलींना कुणी खेळू दिलं नसतं. तो स्वतः जीपमध्ये बसून गावोगाव जायचा, मुलींच्या वडिलांना समजवायचा, प्रसंगी दमात घ्यायचा. दुसऱ्या मताप्रमाणे मामा म्हणजे जिल्ह्याच्या कबड्डीला लागलेली कीड. पंच त्याचे, निवड समिती त्याची, आणि जो क्लब निवडणुकीत त्याला मत देणार त्याच क्लबच्या पोरांच्या अंगात जिल्ह्याची जर्सी. एकदा सामन्यांचं मैदान ऐन वेळी बदललं आणि विरोधातल्या एका संघाला ते कळवायचं म्हणे राहूनच गेलं. तो संघ देवळाली कॅम्पात उन्हात बसून राहिला आणि इकडे चांदवडला त्यांचा सामना त्यांच्याशिवाय उरकला. कुमार गटात मामाने उतरवलेल्या खेळाडूंना मिशा असायच्या, हेही खरं आहे. कुणी हरकत घेतली की मामा म्हणायचा, "आमच्याकडं मिशा लवकर येत्यात. कांद्याची जमीन हाय."

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंचं खरं आहे. मला स्वतःला खेळातलं काही कळत नाही. विमा कंपनीच्या कार्यालयात इतकी वर्षं टेबलाशी बसून मला माणसांचे दावे मात्र कळतात, आणि मामाच्या दाव्यांपैकी एक मला कायम खटकत आलेला आहे.

तो दावा असा. मामाचा कुठेही सत्कार असो, शाल खांद्यावर पडली की तो माईक जरा जवळ ओढतो आणि आवाज खाली आणतो. "लोक माझ्याबद्दल काय काय बोलतात," तो म्हणतो. "बोलू द्या. पण राज्य स्पर्धेला संघ निघायचा होता तेव्हा माझी सख्खी बहीण त्यात होती. बरी खेळायची. मी माझ्या हाताने तिला काढलं. उद्या कुणी म्हणायला नको, की सेक्रेटरीची बहीण म्हणून घेतली." मग तो थांबतो. टाळ्यांचा कडकडाट होतो. त्याचे वैरीसुद्धा टाळ्या वाजवतात, कारण एवढी एक गोष्ट तरी त्याने सरळ केली असं त्यांनाही वाटतं.

त्यातली बहीण म्हणजे माझी आई.

घरी हा विषय निघाला, आणि मामा घरीही तो काढायचा, की आई उठायची आणि "दूध बघते" म्हणून स्वयंपाकघरात जायची. आमच्या घरात दूध जितक्या वेळा उतू जायच्या बेतात आलं तितकं एखाद्या डेअरीतही येत नसेल. खरं काय घडलं ते तिने मला एकदाच सांगितलं, मेथी निवडता निवडता, वर न बघता. त्या वर्षी मामा पुन्हा सरचिटणीसपदाला उभा होता. एका मोठ्या क्लबची मतं त्याला हवी होती आणि त्या क्लबला आपली एक मुलगी संघात हवी होती. जागा एकच होती. आई कपडे भरून, केस घट्ट बांधून तयार होती, तेव्हा मामाने येऊन सांगितलं की लोक काय म्हणतील म्हणून तुला काढलंय.

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलणार? भाऊ होता." तिने मेथीची जुडी संपवली. "काढलं त्याचं एवढं नाही गं. पण तो ‘बरी खेळायची’ म्हणतो ना, ते मला सहन होत नाही."

तर टीव्हीवाले आले. एक चुणचुणीत तरुण मुलगी होती, जिने सगळा कार्यक्रम अंगावर घेतला होता, तिच्याबरोबर एक कॅमेरावाला आणि एक आवाजवाला. कार्यक्रमाचं नाव ‘कबड्डीचा किल्लेदार?’ असं होतं. मामा किल्लेदारावर खूश होता, प्रश्नचिन्हावर नाराज. विरोधकांना तर बोलवायचीही गरज पडली नाही. इस्त्रीचे शर्ट घालून, दाढ्या करून सगळे हजर झाले. देवळाली कॅम्पात उन्हात बसलेल्या संघाचा कप्तान आता आजोबा झालाय, तो नातवाला घेऊन आला आणि ते ऊन कसं होतं यावरच भरपूर वेळ बोलला. शेवटी ती मुलगी मामाला म्हणाली, "सर, विरोधात खूप मिळालंय. तुमच्या बाजूने काहीतरी ठोस हवं. कुणी आहे का?"

"माझी बहीण," मामा छाती पुढे काढून म्हणाला. "तिलाच विचारा."

हे बोलून तो घरी गेला, जेवला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी भावाचं प्रेम असं काही उतू जायला लागलं की विचारता सोय नाही. मामा आईच्या गुडघ्यांसाठी तेल घेऊन आला. तिला आवडतात म्हणून सीताफळं आणली आणि ती पिकलेली आहेत का हे स्वतः दाबून दाबून सगळी नासवली. बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी सैल झाली होती, ती त्याने स्टुलावर चढून ओढून बांधली. सत्तरी ओलांडलेला माणूस स्टुलावर, आणि खाली आई स्टूल धरून, निर्विकार. तिने तेल घेतलं, सीताफळं घेतली, दोरी बांधून घेतली, आणि सगळा आठवडा मस्त भाव खाल्ला.

"काय बोलणार हायस तू?" मामा वरून म्हणाला. काळजी वाटली की त्याची भाषा थेट चांदवडला जाते.

"विचारतील ते."

"म्हंजी काय?"

"म्हणजे जे विचारतील ते. त्या टोकाला अजून एक गाठ मार."

मामा मग माझ्या मागे लागला. मी ऑफिसातून येते तर जिन्यातच उभा. "तू समजाव तिला. माझी एवढी एकच गोष्ट लोक मानत्यात."

"मामा, तू आख्खी संघटना फोडून परत जोडलीस. तुला एक बहीण समजावता येत नाही?"

तो जिन्याच्या कठड्याला टेकला. एकदम म्हातारा दिसला. मला त्याची कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःचाच रागही आला, कारण या माणसाने माझ्या आईच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी संधी हिरावली आणि वर तिचं सोनं करून मिरवलं. पण माझ्या फीला, माझ्या पुस्तकांना ज्याने पैसे दिले आणि माझ्या नवऱ्याच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकड्यावर जो माणूस बसून राहिला तोही हाच. सगळा हिशेब एकदम लावायचा म्हटला तर माझं डोकं दुखतं.

त्या संध्याकाळी मी आईला सरळ विचारलं, "तू खरं सांगणार आहेस का टीव्हीवर?"

"मी कशाला सांगू?" आई म्हणाली. "मला माहीतच आहे. मला ते त्याच्या तोंडून ऐकायचंय. एकदाच. मग त्याने बाहेर काय वाट्टेल ते सांगावं."

"तो मेला तरी बोलणार नाही."

"मग मी मरायच्या आत तरी बोलावं," आई म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

चित्रीकरणाच्या सकाळी टीव्हीवाल्यांच्या आधी मामा आला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, सवय. त्याने आमच्या हॉलचा ताबा घेतला. सोफा भिंतीला लावला, टीपॉय बाहेर काढला, खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना बाल्कनीतून शिट्टी मारून पिटाळलं. टीव्हीवाले आले तेव्हा घरात जणू उपांत्य फेरी होती. त्या मुलीने सगळं बघितलं आणि अतिशय गोड आवाजात मामाला सांगितलं, "सर, तुम्ही समोर असलात तर त्या मोकळेपणाने बोलणार नाहीत. तुम्ही जरा आत बसता का?"

जिल्ह्यात ज्याला कुणी मैदानाबाहेर काढू शकलं नाही तो मामा निमूटपणे आमच्या स्वयंपाकघरात आला. आवाज येतो म्हणून पंखा बंद, फ्रिज बंद, कुकर लावायला बंदी. मी ओट्याला टेकून उभी आणि मामा दाराच्या पडद्याला कान लावून, घामाने भिजलेला.

"आजी, तुमच्या भावाने तुम्हाला संघातून वगळलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" बाहेर त्या मुलीने विचारलं.

"आजी काय आजी," मामा माझ्या कानाशी पुटपुटला. "खेळाडू हाय ती."

आई म्हणाली, "आधी मी खेळायचे कशी ते विचारा की. ते कुणी विचारतच नाही."

त्या मुलीने विचारलं. मग माझ्या आईने जे केलं ते मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. ती उठली, पदर कमरेला खोचला आणि सतरंजीवर वाकून उभी राहिली. हे मी पडद्याच्या फटीतून बघत होते आणि मामाही माझ्या डोक्यावरून बघत होता. आई म्हणाली की तिची चढाई जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक होती. दम लांब होता. ती डावीकडे हूल द्यायची, म्हणजे तिकडे जातेय असं भासवायची, आणि समोरच्या तिकडे झुकल्या की उजवीकडे झेपावायची. हे सांगताना तिने खरोखरच हूल दिली, त्या गुडघ्यांनी, आणि कॅमेरावाला डावीकडे वळला.

"सिन्नरचा सामना," आई म्हणाली. "शेवटची चढाई. आम्ही दोन गुणांनी मागे. मी आत गेले आणि त्यांनी मला धरलं. एकीने पाय, एकीने कंबर, एकीने हात. मी दम सोडला नाही. तिघींना ओढत आणलं आणि मध्यरेषेवर हात टेकवला. तिघी बाद. आम्ही जिंकलो."

"चार!"

हे माझ्या कानाशेजारी ओरडलं गेलं. मी दचकले, बाहेर सगळेच दचकले. आई तेवढी शांत होती.

"तीन," ती म्हणाली.

"चार!" पडदा बाजूला झाला आणि मामा शिट्टीसकट थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. आयुष्यभर गुणफलकाशी भांडलेला माणूस तो. आपल्यासमोर चुकीचा गुण लागलेला त्याला कसा सोसावा? "तीन नाय, चार होत्या!"

"तू कुठे होतास रे?" आई म्हणाली. "पाय प्लास्टरमध्ये घालून घरी पडला होतास."

"म्हून काय झालं? ती कोपऱ्यातली उंच पोरगी विसरली का? तुझ्या पायाला लोंबकळत आली व्हती ती! चार जणी! एका दमात!" तो आता त्या मुलीकडे वळला होता, हातवारे करत. "आख्ख्या जिल्ह्यात अशी चढाई कुणी मारली नाय. पोरांनी बी नाय. मी एवढे खेळाडू घडवले, पण हिच्यासारखी एक नाय बघितली."

ती मुलगी हुशार. तिने मान जराशी तिरकी केली आणि विचारलं, "सर, मग त्यांना वगळलं कशाला?"

मामाने तोंड उघडलं. वाक्य तयारच होतं, किती सत्कारांतून घासून गुळगुळीत झालेलं. "लोक म्हणाले असते की..." त्याने सुरुवात केली आणि आईकडे पाहिलं. आई दूध बघायला गेली नाही. पदर खोचलेला, सतरंजीवर तशीच उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली.

मामाने गळ्यातली शिट्टी हातात धरली. "मतं पाहिजे व्हती," तो म्हणाला. "त्यांची पोरगी घेतली, हिला काढली. लोकांचं काही नव्हतं." मग कॅमेऱ्याकडे न बघता, "बरी नव्हती खेळत ती. लय भारी खेळायची."

मग तो कॅमेरावाल्याला म्हणाला, "बंद कर आता." कॅमेरावाल्याने अर्थातच बंद केला नाही.

आई हळूच सोफ्यावर बसली, दोन्ही गुडघे चोळले आणि त्या मुलीला म्हणाली, "झालं ना तुमचं? पोहे केलेत, खाऊन जा." मी आत पळाले, कारण मला रडू आवरेना आणि पोह्यांवर खोबरंही घालायचं होतं. मागून मामा आला, फ्रिज सुरू केला, पंखा सुरू केला आणि त्याच्याखाली स्टूल ओढून बसून राहिला. मी त्याला पोह्यांची पहिली बशी दिली. का ते मला सांगता येणार नाही.

कार्यक्रम रविवारी सकाळी लागला आणि मामा तो बघायला आमच्याकडे आला. विरोधक एकेक करून पडद्यावर येत होते आणि मामा प्रत्येकाला उत्तर देत होता. "खोटं. साफ खोटं. हे पण खोटं." मिशीवाल्या कुमारांचा विषय निघाला तेव्हा मात्र म्हणाला, "हे खरं हाय." शेवटी आमचा हॉल आला, आई आली, तिची हूल आली. त्यांनी ती हूल संथ करून दाखवली, खाली ढोलकी वाजवून. मग मामा पडद्यातून उगवला आणि पुढचं सगळं जसंच्या तसं आलं, एक शब्द न गाळता. आमच्या हॉलमध्ये बसून मामाने आमच्याच हॉलमधला मामा बघितला. आईने बघितलं की नाही ते मला माहीत नाही, ती मामाकडे बघत होती.

मग फोन सुरू झाले. देवळालीच्या उन्हातल्या कप्तानाचा सगळ्यात आधी आला. मामाने स्पीकरवर टाकला, कारण त्याला त्याशिवाय ऐकू येत नाही. "सरचिटणीस," कप्तान म्हणाला, "तुमचं एवढं एक आम्ही खरं मानत होतो. तेही गेलं की हो." आवाजात मात्र आनंद कमी आणि चुकल्याचुकल्यासारखं जास्त होतं.

"गेलं," मामा म्हणाला. "पण चढाई कशी वाटली?"

मी चहा टाकायला आत गेले तर आई मागोमाग आली. मी तिला मिठीच मारली. म्हटलं, "काय हूल दिलीस आई! मुद्दाम तीन म्हणालीस, तो बाहेर येणार हे ठाऊक असल्यासारखी."

"हूल कसली?" आई म्हणाली. "तीनच होत्या."

"मग चौथी?"

आईने बाहेर कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला. "मी घरी आले तेव्हा हा पलंगावर पडलेला, पाय प्लास्टरमध्ये. सामना बघायला मिळाला नाही म्हणून डोळ्यांत पाणी. मला वाईट वाटलं. मग मी जरा मीठमसाला लावला. चार सांगितल्या. ती उंच पोरगी तेव्हाच बनवली."

मी बघतच राहिले. ज्या माणसाने कधी कुठल्या गुणलेखकाचा आकडा मानला नाही, पंचांना उलटतपासणी घेऊन रडवलं, त्याने बहिणीचा आकडा कधी कुणाकडून पडताळूनसुद्धा घेतला नव्हता.

बाहेर मामा फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होता, "चार! अहो, एका दमात चार!" मग फोन ठेवून त्याने हाक मारली, "अगं, त्या उंच पोरीचं नाव काय होतं गं?"

आईने माझ्याकडे बघितलं. "आठवत नाही रे दादा," ती म्हणाली.

"काढतो शोधून."

आणि तो खरोखरच शोधतोय. सत्काराची बोलावणी आता येत नाहीत, त्यामुळे वेळच वेळ आहे. परवा सिन्नरला जाऊन आला, शेअर जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून. जुन्या खेळाडू बायकांची घरं हुडकली, चहा प्यायला, कुणालाच ती उंच पोरगी आठवत नाही म्हणून वैतागून आमच्याकडे आला. एक नवीन धागा सापडलाय म्हणे, ती लग्न होऊन मालेगावकडे गेली असावी.

"हो का?" आई म्हणाली आणि त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, "आई, त्या म्हाताऱ्याला किती पळवशील? सांगून टाक ना आता."

"सांगेन की," आई म्हणाली. "त्याने किती वर्षं लावली?"